ब्लॉग हलवल्यावर तुटलेले अंतर्गत दुवे प्लगइनने दुरुस्त होतात का?

ब्लॉगर ही गूगलची ब्लॉगसेवा सोडून वर्डप्रेसवर आल्यापासून आपल्याच जुन्या लेखांकडे जाणारे दुवे उघडत नाहीत, तेव्हा एखादे प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम, बसवून काम भागेल का, असे आपण विचारले आहे. भागणार नाही. प्लगइन वाचकाला कुठेतरी नेऊन सोडते. कोणत्या जुन्या पत्त्याचा कोणता नवा पत्ता झाला, हे आपल्यालाच जुळवावे लागते.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचा खात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, होते. २०१० पासून त्यांनी गिरणगावाविषयी जवळजवळ चारशे लेख लिहिले, आणि एका लेखात दुसऱ्या लेखाचा हवाला देण्याची त्यांची सवय होती. २०२१ मध्ये आम्ही एका व्यावसायिकाला पैसे देऊन तो ब्लॉग स्वतःच्या डोमेनवर हलवून घेतला. काही दिवसांनी वडील १९८२ च्या संपावरचा आपला लेख वाचत बसले होते. 'संपाच्या आदल्या रात्री, १७ जानेवारीला, चाळीत काय बोलणे झाले ते येथे लिहिले आहे' या वाक्यातल्या 'येथे'वर त्यांनी बोट ठेवले, तर मुखपृष्ठ उघडले. मागे येऊन त्यांनी पुन्हा बोट ठेवले. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर टॅबलेट माझ्यापुढे धरून त्यांनी विचारले, "तो लेख काढून टाकलास का रे?"

लेख जागेवर होता, हरवला होता तो त्याचा पत्ता. मराठी शीर्षक दिले की ब्लॉगर पत्त्यात 'ब्लॉग-पोस्ट' एवढेच घालतो आणि त्याच महिन्यातल्या पुढच्या लेखांना मागे आकडा लावतो. त्यामुळे प्रत्येक वर्ष-महिन्याच्या खाली एक 'ब्लॉग-पोस्ट' असतोच. ते वाईट दिसते म्हणून त्या व्यावसायिकाने सगळे पत्ते शीर्षकांवरून नव्याने तयार केले. वर्डप्रेस पत्त्याच्या या भागाला २०० अक्षरांची जागा देतो, आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना-मात्रा आणि हलन्तसुद्धा, तिथे नऊ जागा घेते. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हे मावतात. 'गिरणगावातल्या आठवणी : भाग १' या शीर्षकातला नेमका शेवटचा आकडा त्यात कापला गेला, सगळ्या भागांचे पत्ते एकसारखे झाले, आणि लेख ज्या क्रमाने त्या प्रक्रियेतून गेले त्या क्रमाने त्यांना दोन, तीन असे आकडे चिकटले. लेखांच्या आतल्या दुव्यांत त्याने फक्त डोमेनचे नाव बदलले होते, आणि जो पत्ता सापडणार नाही तो मुखपृष्ठाकडे वळवणारे प्लगइन बसवले होते. सापडत नसलेले दुवे म्हणून तपासणीत काहीच दिसत नव्हते ते यामुळेच. मुखपृष्ठाकडे वळवलेल्या अशा पत्त्यांना गूगलही 'पान अस्तित्वात नाही' असेच धरते.

म्हणून आधी नवे पत्ते कायमचे ठरवा, शक्यतो रोमन लिपीत आणि आटोपशीर. मगच तक्ता करा. ब्लॉगरवरून आयात करणारे प्लगइन प्रत्येक लेखासोबत त्याचा जुना पत्ता 'ब्लॉगर_परमलिंक' या नावाने डेटाबेसमध्ये ठेवते. तो आणि नवा पत्ता शेजारी मांडला की तक्ता तयार होतो. जुना पत्ता वर्ष-महिन्यासकट घ्या. या तक्त्यावरूनच लेखांतले जुने पत्ते बदलून नवे घालायचे आहेत; ते करण्याआधी एकाच दुव्याची सगळी रूपे एकसारखी करून घ्या, कारण फोनवरून उचललेल्या दुव्याच्या शेवटी 'एम बरोबर एक' चिकटलेले असते, काही दुव्यांत 'एचटीटीपी'नंतरचा 'एस' नसतो, आणि २०१२ नंतर भारतातून ब्लॉग उघडला की ब्लॉगरच्या नेहमीच्या 'ब्लॉगस्पॉट डॉट कॉम'ऐवजी 'ब्लॉगस्पॉट डॉट इन' दिसू लागले होते, त्यामुळे तेही अनेक दुव्यांत उतरलेले असते. ते 'डॉट इन' डोमेन २०२० मध्ये गूगलकडे राहिले नाही, तेव्हा ते दुवे एकही शिल्लक ठेवू नका. डेटाबेसची प्रत काढून आधी कोरडी चाचणी, म्हणजे प्रत्यक्ष बदल न करता काय बदलेल ते पाहणे, घ्या, हे आपल्याला ठाऊक असेलच.

माझा धाकटा भाऊ आजही म्हणतो की इतक्या जुन्या लेखांतले दुवे कोणी दाबत नाही, आणि मी तीन आठवड्यांच्या रात्री वाया घालवल्या. हे मला अजिबात मान्य नाही. वडिलांच्या लिखाणात अर्धे म्हणणे त्या 'येथे'च्या पलीकडे होते. तक्त्यात न बसलेले एकोणीस दुवे उरले, कारण ते लेख वडिलांनी पुसून पुन्हा लिहिले होते. शेजारी बसून, मागचे-पुढचे वाक्य वाचून, त्यांनी प्रत्येकाचा लेख ओळखला. ज्यांचे लिखाण आहे त्यांना हाताशी घेतल्याशिवाय हे काम कोणाकडेही सोपवू नये.

हे सगळे आपल्या लेखांतल्या दुव्यांपुरते झाले. इतरांनी दिलेल्या दुव्यांसाठी जुना ब्लॉगही स्वतःच्याच डोमेनवर असेल, तर त्याच तक्त्यावरून प्रत्येक पत्त्याला ३०१ पुनर्निर्देशन द्या, म्हणजे जुना पत्ता कायमचा नव्याकडे वळवा. तो ब्लॉगस्पॉटच्या पत्त्यावर असेल तर तसे करता येत नाही; अशा वेळी जुना ब्लॉग पुसू नका, त्यातल्या प्रत्येक लेखाच्या डोक्यावर नव्या लेखाचा दुवा टाका.