मुलगी फुटबॉलमध्येच करिअर करायचं म्हणते. यावर खरंच पोट भरतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी नववीत आहे, जिल्हा संघात खेळते आणि बाला देवीचे व्हिडिओ बघून "मला हेच व्हायचंय" म्हणून हटून बसलीय. मी कोल्हापूरची. दोन वर्षं राज्य संघाकडून खेळले, आता शाळेतल्या पोरींना शिकवते.

बाला देवीचंच घ्या. मणिपूरच्या बिष्णुपूर जिल्ह्यातली, पोरांच्यात खेळून तयार झालेली. पंधराव्या वर्षी भारताच्या सीनियर संघात. २०१४ आणि २०१५, लागोपाठ दोन वर्षं अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची सर्वोत्तम महिला खेळाडू. आणि स्कॉटलंडच्या रेंजर्स क्लबचा करार हातात पडला जानेवारी २०२० मध्ये, तिशीला अवघे काही दिवस उरले असताना! तोवर आधार होता तो मणिपूर पोलिसांतल्या नोकरीचा. व्हिडिओत तिची दहा नंबरची जर्सी दिसते, वर्दी दिसत नाही.

बरं, करारही दीड वर्षाचा. ती पोचते न पोचते तोच कोविडनं लीग बंद पाडली. पहिला गोल व्हायला डिसेंबर उजाडला आणि पुढं गुडघ्याचं लिगामेंट गेलं. ती सावरून परत खेळली, भारतात गोलही केले. माझं तेच लिगामेंट गांधी मैदानावर गेलं. पाऊस होऊन गेलेला, बुटाचे स्टड चिखलात रुतले आणि मी वळले. पाय तिथंच राहिला. ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना बरीच जास्त होते. उडी मारून गुडघे वाकवून उतरायचं कसं, हे तुमच्या मुलीला कुणी शिकवलंय का, आधी विचारा. आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

आता पैशाचं. इंडियन विमेन्स लीग २०१७ साली सुरू झाली. २०२४-२५ च्या हंगामात आठ संघ होते, म्हणजे प्रत्येकाला जेमतेम चौदा सामने. क्लबचा भरवसा किती धरायचा? केरळ ब्लास्टर्स क्लबचा पुरुष संघ २०२३ मध्ये सामना अर्धवट सोडून बाहेर गेला, महासंघानं चार कोटींचा दंड केला आणि क्लबनं बंद केला तो महिला संघ. चूक कुणाची, घरी कोण बसलं बघा. आमच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांच्या सामन्याला उभं राहायला जागा मिळत नाही, पण पोरींची मॅच म्हटलं की दोन्हीकडचे आईबाप आणि एखादा चहावाला.

म्हणून मी पालकांना नोकरीचं आधी सांगते. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीसही खेळाडू घेतात. त्यासाठी खेळाच्या प्रमाणपत्रांची पडताळणी लागते, तेव्हा शालेय स्पर्धेपासूनचा प्रत्येक कागद फायलीत ठेवा. आमच्यातल्या एकीची भरती प्रमाणपत्रावरच्या आणि आधार कार्डावरच्या नावातल्या एका वेलांटीवरून वर्षभर लटकली होती.

सराव बंद करू नका. दहावीला आठवड्याचे दोन दिवस कमी करा, चालेल. आणि बूट "पुढच्या वर्षीपण होतील" म्हणून एक नंबर मोठे घेऊ नका. आत पाय सरकतो, अंगठ्याचं नख काळं पडतं आणि पोरगी घरी सांगत नाही. माझ्याकडं आत्ता अशा तिघी आहेत.