कॅनडाच्या उत्तरेतल्या यलोनाइफला गाडी न घेता फिरता येईल का? आणि कधी जावं?

येईल, निदान गावात तरी. वस्ती जेमतेम वीस हजारांची. एडमंटन किंवा कॅलगरीहून विमानाने जा. मॅकेन्झी नदीवर २०१२ साली पूल झाल्यापासून रस्ता बारमाही आहे खरा, पण एडमंटनहून तो जवळजवळ दीड हजार किलोमीटर पडतो.

डाउनटाउनमधून ओल्ड टाउन पायी अर्ध्या तासावर. तिथे बुश पायलट (दुर्गम भागात छोटी विमानं उडवणारे वैमानिक) स्मारकाच्या टेकडीवर चढाच: खाली ग्रेट स्लेव्ह सरोवर, रंगीबेरंगी हाउसबोटी, पाण्यावर उतरणारी विमानं. हे सरोवर ६१४ मीटर खोल, उत्तर अमेरिकेत सर्वांत खोल. हिवाळ्यात त्याच्या बर्फावरून डेट्टा (Dettah) नावाच्या गावापर्यंत चक्क गाड्या धावतात! प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयही चालत जाण्याजोगं.

ध्रुवीय प्रकाश (रात्रीच्या आकाशातला रंगीत झगमगाट) मात्र गावाच्या दिव्यांपासून लांबच नीट दिसतो, त्या रात्रीपुरती टूर घ्या. मी तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच सुचवेन. जानेवारीत पारा उणे तीसखाली सहज जातो, आणि आपला महाबळेश्वरचा स्वेटर तिथे काही कामाचा नाही. जूनमध्ये रात्र नीट काळोखी होतच नाही, त्यामुळे प्रकाशासाठी तेव्हा जाऊच नका.