चिचुंद्रीचा अभ्यास सुरू करणाऱ्यास

चिचुंद्रीला उंदरांच्या यादीत टाकण्याची सवय तुम्ही प्रथम सोडावी, कारण ती कृंतक (उंदरासारखा कुरतडणारा प्राणी) नसून तिचे नाते जाहकाशी (अंगावर काटे असलेल्या हेजहॉगशी) अधिक जवळचे आहे. घुबडाने ओकलेल्या गोळ्यांत कवटी सापडल्यास दात पाहावेत: उंदराच्या पटाशीच्या दातांमागे मोठी मोकळी जागा असते, तर चिचुंद्रीच्या टोकदार दातांची रांग जवळजवळ सलग असते.

जिवंत पकडण्याचा पिंजरा लावणार असाल, तर तो दर एक-दोन तासांनी तपासण्याची तयारी असेल तरच लावावा. सर्वांत लहान जातीचे वजन जेमतेम २ ग्रॅम भरते. एवढ्या लहान शरीरातून उष्णता इतक्या वेगाने निसटते की काही तास अन्न न मिळाल्यास प्राणी दगावतो, आणि ही चूक नवख्यांकडून फार होते. पिंजऱ्यात धान्य नव्हे, अळ्या ठेवाव्यात.

परिसंस्थेतील तिचे काम केवळ कीटक, अळ्या व गांडुळे खाण्यापुरते नाही. ती स्वतः घुबडांचे भक्ष्य असते. सस्तन शिकारी मात्र पुष्कळदा तिला मारूनही खात नाहीत, कारण तिच्या कुशीतील ग्रंथींचा वास (तो एकदा घेतला की विसरत नाही) त्यांना नकोसा वाटतो.