उद्यमनगरच्या लेथवर निघालेली रिंग

पत्र: "कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं टर्निंगचं वर्कशॉप आहे. मुलगा अकरावी सायन्सला. २०२४ च्या ऑक्टोबरात शेंडेनक्षत्र बघितलं तेव्हापासून राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवरनं खाली उतरत नाही. रात्री धूमकेतू, दिवसा सूर्य. सूर्यावरचे डाग मोजून रोज वहीत लिहितो. दुर्बिणीला कॅमेरा जोडायची रिंग त्यानं आमच्याच लेथवर काढली. पहिलीचे आटे बसले नाहीत, दुसरी बसली. आता साठ हजारांचा ट्रॅकिंग माउंट (ताऱ्यांच्या चालीनं दुर्बीण फिरवणारं स्टँड) मागतोय. जेईईचा क्लास बुडतोय. आईला त्याच्या डोळ्यांची धास्ती. यात पोट भरण्यासारखं काही आहे का?"

सप्रेम नमस्कार.

वहिनींची धास्ती खोटी नाही, म्हणून आधी तिचं बोलू. सूर्याचा फिल्टर दुर्बिणीच्या आकाशाकडच्या तोंडाला घट्ट बसलेला पाहिजे. डोळ्याकडच्या टोकाला बसवायच्या छोट्या काळ्या काचा उन्हाच्या झोतानं तडकतात. तसली घरात असेल तर फेकून द्या. वर्कशॉपमधली वेल्डिंगची काचही दुर्बिणीला चालत नाही. फिल्टरची फिल्म दर वेळी उजेडासमोर धरून भोक पडलंय का बघायचं. घनता म्हणजे फिल्म उजेड किती अडवते त्याचा आकडा; ३.८ घनतेची फिल्म फक्त कॅमेऱ्यासाठी असते, डोळ्यासाठी ५ घनतेची लागते. आणि वरच्या छोट्या शोधक दुर्बिणीला टोपण हवंच. मोठीची काळजी सगळे घेतात, हिला विसरतात.

आता पोटाचं. धूमकेतूंचे फोटो विकून घर चालत नाही. कुठेतरी छापून येतात, गल्लीत कौतुक होतं, तेवढंच. खगोलशास्त्रज्ञाच्या कायम नोकऱ्याही थोड्याच, आणि तिथे पोचेपर्यंत वय तिशीला टेकतं. मधल्या काळात उपाशी राहावं लागत नाही (पीएच.डी. करताना मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे), पण पाहुण्यांना "पोरगा काय करतो?" याचं उत्तर बरीच वर्षं नीट देता येणार नाही. त्याची तयारी ठेवा.

पण तुमच्या पत्रात फोटोंपेक्षा मला ती रिंग महत्त्वाची वाटली. माझा अंदाज सांगतो: पहिल्या वेळी त्यानं ४२ मिमी व्यासाला १ मिमीची पिच (आट्याआट्यांतलं अंतर) धरली असणार. जुन्या कॅमेऱ्यांच्या लेन्सना तेवढी असते. दुर्बिणीच्या रिंगला व्यास तोच, पण पिच ०.७५. चूक कुठे झाली ते शोधून जो पोरगा दुसरा जॉब लावतो, त्याला नुसतं आकाश बघायचं नाही, आकाश बघायचं यंत्र करायचंय. आणि डाग मोजणं हे तर १८४८ पासून चालत आलेलं शास्त्र आहे: डागांच्या समूहांना दहानं गुणायचं, त्यात एकेक करून मोजलेले सगळे डाग मिळवायचे. त्याची वही एकदा बघा. मधले ढगाळ दिवस त्यानं कोरे सोडले असतील, तर तो प्रामाणिक निरीक्षक आहे; अंदाजे भरले असतील तर कान उपटा.

फोटोंमागचं कामही समजून घ्या. धूमकेतू ताऱ्यांमधून सरकत असतो. शंभर फोटो ताऱ्यांवर जुळवले की धूमकेतू फराटा होतो, धूमकेतूवर जुळवले की तारे फराटे होतात. दोन्ही वेगळे करून पुन्हा एकत्र आणावे लागतात. सूर्याच्या व्हिडिओतल्या हजारो चौकटींतून हवा स्थिर असतानाच्या थोड्या निवडायच्या. उपग्रहाची चित्रं सुधारणारे आणि शिरोलीच्या फाउंड्रीत कॅमेऱ्यानं कास्टिंग तपासायचं म्हणणारे याच जातीचं गणित करतात. म्हणजे हात रिकामे राहणार नाहीत.

जेईई याच्या आड येत नाही. आयआयएसटी या तिरुवनंतपुरमच्या अंतराळ विज्ञान संस्थेची बी.टेक. जेईई अ‍ॅडव्हान्स्डमधूनच मिळते. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेसाठी वेगळी अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट आहे, अभ्यास बराचसा तोच. दोन्ही हुकलं तरी कोल्हापुरात बी.एस्सी. फिजिक्स, शिवाजी विद्यापीठात एम.एस्सी. आणि पुढे आयुका या पुण्याच्या खगोलशास्त्र केंद्राची परीक्षा हा रस्ता बंद होत नाही. आदित्य-एल१ या सूर्याचा अभ्यास करणाऱ्या भारतीय यानावरची सूर्याचे अतिनील फोटो घेणारी दुर्बीण याच आयुकाच्या नेतृत्वाखाली तयार झाली. त्या कामाला मेकॅनिकलवाले लागतात, ऑप्टिक्सवाले लागतात. त्यामुळे मेकॅनिकल घेतलं म्हणजे आकाश सुटलं, असं त्याला सांगू नका, आणि तुम्हीही मानू नका. बारावीच्या आत खगोलशास्त्राच्या ऑलिम्पियाडची पहिली परीक्षा मात्र द्यायला लावा. क्लासमधल्या मार्कांपेक्षा त्या पेपरानं त्याचा त्यालाच अंदाज येईल.

माउंट आत्ता नको. सूर्याच्या फोटोला सेकंदाच्या हजाराव्या भागाचं काम, तिथे ट्रॅकिंगवाचून अडत नाही. धूमकेतूंना लागतं, पण तो माउंट ध्रुवताऱ्यावर लावावा लागतो, आणि कोल्हापुरात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १७ अंश वर. गच्चीच्या उत्तरेला दोन मजली घर असलं तरी दिसायचा नाही. त्यात जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाशच नसतं. त्या महिन्यांत त्याला सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाचे फोटो चाळू दे, फुकट आहेत. त्यांतून हौशी लोकांनी घरबसल्या हजारो धूमकेतू शोधलेत. ५,००० वा मार्च २०२४ मध्ये सापडला, तोही एका विद्यार्थ्याला.

त्याऐवजी तुम्ही दोघं रविवारी वर्कशॉपमध्ये बसा. दोन फळ्या, एक बिजागरी, एम ६ चा आटेदार रॉड. बिजागरी ध्रुवाच्या दिशेला, वरच्या फळीवर कॅमेरा. रॉडला मिनिटाला एक फेरा दिला की फळी ताऱ्यांच्या चालीनं उघडते. पाच-दहा मिनिटं साधी लेन्स घेऊन धूमकेतू टिपायला हे पुरतं. बिजागरीपासून रॉड किती अंतरावर, हे तुम्ही सांगू नका, त्याला काढू दे. पिच १ मिमी धरून उत्तर २२८.६ मिमी यायला पाहिजे. २२९.२ आणलं, तर त्यानं दिवस २४ तासांचा धरलाय; ताऱ्यांचा दिवस २३ तास ५६ मिनिटांचा असतो. परत करायला लावा.