एम.एस्सी.नंतर बाहेर पुन्हा मास्टर्स करावं का?

तू विचारलं आहेस की पुणे विद्यापीठातली ऑरगॅनिक केमिस्ट्रीची एम.एस्सी. यंदा संपतेय, औषधसंशोधनात जायचंय, तर कर्ज काढून युरोपात 'ड्रग डिस्कव्हरी'चं मास्टर्स करावं का. माझं स्पष्ट मत: नको. थेट पीएच.डी.च्या जागा शोध.

मी स्वीडनमध्ये, उपसालाला, मेडिसिनल केमिस्ट्रीतच, म्हणजे औषधांचे रेणू बनवण्याच्या शाखेत, पीएच.डी. करतेय. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना इथे २०११ पासून मास्टर्सची फी भरावी लागते. पीएच.डी.ला मात्र फी नाही. ती बहुतेक ठिकाणी नोकरीच असते, चार वर्षांची, दरमहा पगाराची, आणि जागेची जाहिरातही नोकरीसारखीच विद्यापीठाच्या साइटवर येते. डेन्मार्कमध्येही पगार मिळतो, मुदत तीन वर्षं. जे शिकायला पगार मिळतो त्यासाठी आईबाबांचं घर तारण ठेवायचं, हे मला पटत नाही.

'पण मला फार्माकॉलॉजी येत नाही' असं तू लिहिलंयस. ती इथे येऊन शिकता येते, मी तशीच शिकतेय. मुळात लागते ती ऑरगॅनिकचीच समज. ओमेप्राझोल घे, आपल्याकडे घरोघरी असणारी ॲसिडिटीची गोळी. १९८८ मध्ये स्वीडनच्याच आस्त्रा कंपनीने ती बाजारात आणली. हा रेणू आहे तसा प्रोटॉन पंप, म्हणजे जठरात आम्ल सोडणारं प्रथिन, अडवत नाही. रक्तातून तो जठराच्या आम्ल सोडणाऱ्या पेशींपाशी पोचतो, तिथल्या तीव्र आम्लात प्रोटॉन घेतो, त्याची रचना बदलते आणि मग तो प्रोटॉन पंपातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला डायसल्फाइड (गंधक-गंधक) बंधाने पकडतो. आम्लात न टिकणं हाच त्याचा गुण, आणि त्याच कारणाने गोळीला आतड्यात विरघळणारं आवरण द्यावं लागतं, नाहीतर तो जठरातच खलास. रेणूतल्या पिरिडीनच्या कड्यावर कोणता गट लावला की हा बदल लवकर होईल, कोणता लावला की उशिरा, हे मेकॅनिझम, म्हणजे अभिक्रियेचे टप्पे, लिहिता येणाऱ्यालाच सुचतं. मला तर हा विषय इथेच सगळ्यात सुंदर वाटतो.

म्हणून उरलेल्या महिन्यांत हात तयार कर. पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) किंवा आयसर या संशोधन संस्थांत प्रोजेक्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर हिंजवडीकडच्या एखाद्या सीआरओमध्ये (कंत्राटी संशोधन करणाऱ्या कंपनीत) वर्षभर सिंथेसिस कर. कॉलमवर संयुग वेगळं करणं, टीएलसीवर मिश्रण तपासणं, रचना सांगणारा एनएमआर स्वतः वाचणं, एचपीएलसीवर शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर नेणं. टेस्टिंगला द्यायचं संयुग अशुद्ध असेल तर मिळालेला आयसी-५० (क्रिया निम्म्यावर आणायला लागणारं प्रमाण) कशाचा, तुझ्या रेणूचा की कचऱ्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही.

अर्जात 'मला लहानपणापासून औषधांची आवड' वगैरे लिहू नकोस. ज्या संशोधन ग्रुपकडे अर्ज करायचा त्याचा एक पेपर नीट वाच, त्यातल्या कोणत्या संयुगापुढे तू काय बनवलं असतंस आणि का, ते चार ओळींत लिही. सोबत तुझ्या प्रोजेक्टची स्कीम (रेणू कोणत्या टप्प्यांनी बनवला ते) जोड, यील्ड (प्रत्येक टप्प्याला किती टक्के उत्पादन मिळालं ते) खरे दे. मुलाखतीत बहुतेक प्रश्न त्या स्कीमवरच येतात: हा स्टेप ४० टक्क्यांवर का अडकला, उरलेलं कुठे गेलं.

मास्टर्सचा विचार एकाच परिस्थितीत कर. तुला पुढे बेंच, म्हणजे प्रयोगशाळेतलं काम, सोडून कॉम्प्युटेशनलकडे, म्हणजे संगणकावरच्या संशोधनाकडे, वळायचं असेल, आणि स्कॉलरशिप मिळत असेल तर. तेव्हाही कोर्समध्ये संशोधन प्रबंधाला किती महिने आहेत ते आधी बघ.

तुझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट कशावर आहे ते कळव, त्यावरून कोणते ग्रुप जुळतील ते सांगते.