स्टेजिंग आणि प्रॉडक्शनसाठी वेगळ्या ब्रँच ठेवाव्यात का?

स्टेजिंगची (चाचणीच्या सर्व्हरची) एक ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी शाखा, प्रॉडक्शनची (ग्राहक वापरतात त्या सर्व्हरची) दुसरी, पुश केलं की त्या त्या सर्व्हरवर आपोआप डिप्लॉय व्हावं, हे कसं जमवायचं असं तुम्ही विचारलंय. पाइपलाइनच्या (कोड आपोआप तपासून चढवणाऱ्या यंत्रणेच्या) फाईलमध्ये ब्रँचच्या नावाची अट घाला, झालं. पण करू नका.

२०२२ साली मी गोव्यात पर्वरीला एका छोट्या कंपनीत होतो. गेस्ट हाऊसवाल्यांसाठी बुकिंग आणि बिलांचं ॲप. १८ जुलैपासून हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांची जीएसटीमाफी गेली, १२ टक्के लागू झाला. आदल्या रात्री मी थेट प्रॉडक्शन ब्रँचवर हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) टाकला. स्टेजिंगवर दुसरंच काम अर्धवट पडलं होतं, म्हणून तिकडे तोच बदल मर्ज करायचं (मिसळायचं) 'नंतर बघू'वर गेलं आणि राहिलं. दरम्यान एकाने स्टेजिंगवर तीच कराची फाईल आवरली, जुन्या दरांसकट. चवथीच्या दोन दिवस आधी रिलीज. कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे एकाच जागी दोन ब्रँचचे वेगवेगळे बदल. सोडवणाऱ्याने स्टेजिंगची बाजू ठेवली, कारण टेस्टिंग तिचंच झालं होतं. मीही तेच केलं असतं.

तयेच्या (हरतालिकेच्या) संध्याकाळी डिचोलीला घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, बांधत होतो. हातात कवंडाळं (माटोळीची रानफळं), आणि फोन वाजला. कळंगुटचे एक गेस्ट हाऊसवाले काका. "बाबा, नऊशेच्या खोलीचं बिल बिनकराचं येतंय. सीएला काय सांगू?" फोनवरच डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, उघडला. लाल (गेलेल्या) ओळीत १२, खाली हिरव्या (नव्या) ओळीत ०. बाकीच्यांनी माटोळी पुरी केली, मी माडीवर लॅपटॉप घेऊन बसलो.

सणानंतरच्या मीटिंगमध्ये वरिष्ठ म्हणाले, पद्धत बरोबर आहे, माणूस निष्काळजी. मर्ज मी विसरलो, ते तेव्हाच कबूल केलं. पण वर्षानुवर्षं समांतर चालणाऱ्या ब्रँच ठेवल्या की कोणीतरी विसरणारच. शिवाय स्टेजिंगवर तपासता तो एक कमिट (कोडची नोंदवलेली स्थिती), प्रॉडक्शनवर मर्ज होऊन चढतो तो दुसरा. मग तपासलं काय?

वरिष्ठ गिटफ्लो या ब्रँच सांभाळायच्या पद्धतीचा दाखला द्यायचे. व्हिन्सेंट ड्रिसेनने २०१० साली मांडलेल्या त्या पद्धतीत स्टेजिंग नावाची ब्रँचच नाही, आणि हॉटफिक्स डेव्हलप या चालू कामाच्या ब्रँचमध्येही मर्ज करा असं स्पष्ट आहे. २०२० मध्ये त्यानेच टीप जोडली, की सतत रिलीज होणाऱ्या वेब ॲपला गिटहब फ्लोसारखी (एक मुख्य ब्रँच, बाकी छोट्या) साधी पद्धत बरी.

तेव्हा मेन (मुख्य) ब्रँच एकच ठेवा. फीचर ब्रँच (एकेका कामाची ब्रँच) दोन-तीन दिवसांत मर्ज करून मिटवा. टॅग मारा (त्या कमिटला आवृत्तीचं नाव द्या), बिल्ड (चालवायला तयार पॅकेज) एकदाच करा, तोच बिल्ड आधी स्टेजिंगवर, मग प्रॉडक्शनवर. डेटाबेसचा पासवर्ड, पेमेंटच्या कीज (गुप्त किल्ल्या) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेर त्या त्या सर्व्हरच्या सेटिंगमध्ये. हॉटफिक्सही आधी मेनवर. बिघडलं तर मागचा टॅग चढवा. डेटाबेसचे मायग्रेशन (रचनेतले बदल) मात्र त्याने मागे फिरत नाहीत, ते वेगळं सांभाळावं लागतं.

ग्राहकांकडे जुन्या आवृत्त्या चालू असतील तर रिलीज ब्रँच लागतातच, तिथे माझं म्हणणं लागू नाही. आणि कंपनी ऐकतच नसेल, तर प्रॉडक्शनवर असलेला पण स्टेजिंगवर नसलेला कमिट (नुसते मर्जचे सोडून) दिसला की पाइपलाइन फेल होईल एवढी तपासणी तरी आजच बसवा.