मोबाइलमुळे मुलांची अभ्यासाची पद्धत खरंच बदलली आहे का?

हो, आणि सगळ्यात जास्त फटका उजळणीला बसलाय. सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावा: वहीशेजारी मोबाइल उभा केलेला असतो. गणित अडलं की दोन मिनिटंही झगडायचं नाही, लगेच व्हिडिओ. बघताना सगळं कळल्यासारखं वाटतं, कोऱ्या कागदावर मात्र दुसरी पायरीच सुचत नाही. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात नुसतं पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं होतं. तरी मोबाइल हिसकावून घेऊ नका. बालभारतीची पुस्तकं त्यावर फुकट मिळतात, ही केवढी सोय आहे! फक्त व्हिडिओ बंद करून तेच गणित लगेच वहीत सोडवायला लावा.